पाहुण्यांनी माझा फोन तपासला

आज मला बघायला हिंगोलीहून कुरुंद्याला पाहुणे आले. मुलाचे मामा रिटायर्ड जमादार. पोलिसातून निघून खासगी गुप्तहेर झालेल्या हिरोची ती मालिका लागते ना, ती बघून बघून मामाही गुप्तहेर झालेत.

पोहे खाता खाता म्हणाले, "पोरी, फोन दे. कोणाशी बोलून राहिलीस, बघू."

मी न्हाई म्हटलं. बाबांनीच माझ्या हातातून काढून दिला.

मैत्रिणीला पाठवलेले माझे मेसेज मामांनी सगळ्यांपुढे मोठ्यानं वाचले. 'मला हे लग्न करायचं न्हाई,' हेही वाचलं. मग म्हणाले, "पोरा-बिराची भानगड न्हाई. पोरगी चोख हाय. पसंत!"

आईनं लगेच साखर वाटली.

बायांनो, खरं सांगा, ते वाक्य एकट्या मलाच ऐकू आलं का?