शेवट खाली मिळेल

"वहिनी, शेवट खाली मिळेल," असं म्हणून तो पुस्तक माझ्या हातात ठेवायचा आणि मी तोंड उघडायच्या आत जिना उतरायला लागायचा. तोंडावर मी त्याला भाऊ म्हणायचे. मनात काय म्हणायचे ते इथे लिहीत नाही, तुम्ही सभ्य माणसं आहात.

आमची मुलुंडची वसाहत जुनी. तीन मजले, लिफ्ट नाही आणि वर राहणारे सगळे गुडघे धरून बसलेले. खाली एक पंपघर बंद पडलेलं होतं. तिथे चार-सहा रिटायर लोकांनी पुस्तकं मांडून लायब्ररी काढली. रोज चार ते सहा. ज्यांना उतरता येत नाही त्यांना गुरुवारी घरपोच पुस्तक. ते काम ह्याचं. साकीनाक्याच्या एका छापखान्यात जन्मभर बाइंडिंग केलेला माणूस. बोटं जाड आणि नखांत कायमची खळ.

मी दुसऱ्या मजल्याच्या वळणावर पडले, त्यानंतर अकरा महिने उंबरा ओलांडला नव्हता. हाड जुळलं होतं. डॉक्टर म्हणत होते चाला. मी चालत होते, स्वयंपाकघर ते खिडकी. भाजी, दूध, गोळ्या, सगळं दोरीला बांधलेल्या टोपलीतून वर यायचं. माझं काही अडत नव्हतं.

मी चौथी शिकलेली. बोट ठेवून वाचते, पण वाचते. त्याने मला एक खुनाची कादंबरी दिली. एका बागायतदाराला कुणीतरी विष घातलेलं. घरात सात माणसं, सातही नालायक. नऊ दिवस माझ्या पोळ्या करपल्या. शेवटी इन्स्पेक्टर सगळ्यांना एका खोलीत बसवतो, म्हणतो, "खुनी इथेच बसलाय." मी पान उलटलं, तर पुठ्ठा!

खिडकीत जाऊन ओरडले, "भाऊ, पुढची पानं कुठायत?"

"खाली! शेवटचा फर्मा काढून ठेवलाय."

फर्मा म्हणजे सोळा पानांची घडी. अशा घड्या दोऱ्याने एकमेकींना शिवल्या की पुस्तक होतं. ह्याने शेवटची घडी इतकी अलगद उसवली होती की पुस्तकालाही कळलं नसेल.

मी टोपली सोडली. "ह्यात टाका."

टोपली वर आली. आत चिठ्ठी, 'शेवट टोपलीत मावत नाही.'

समोरच्या दारच्या बाईने ते पुस्तक वाचलेलं होतं. तिला विचारलं, तर म्हणाली, "मला शपथ घातलीय गं त्यांनी." घावणे करून देते म्हटलं, तरी बधली नाही.

दोन दिवस तग धरला. तिसऱ्या दिवशी उतरले. बघते तर जिन्याच्या प्रत्येक वळणावर एकेक स्टूल मांडलेलं. जिथे मी पडले होते तिथे कठड्याला धरायला जाड दोर बांधलेला. अर्धा तास लागला. हा लायब्ररीच्या दारात पेन्सिलीला टोक काढत उभा, जणू मी रोजच येते.

"आलात? बसा. इथेच वाचायचं, फर्मा बाहेर जात नाही."

विष धाकट्या जावयाने घातलं होतं. मला पहिल्यापासून संशय होता.

असं त्याने सगळ्यांनाच छळलं. शेजारच्या बिल्डिंगमधले एक रिटायर साहेब गॅलरीतून कडाडले, "मी तुमची तक्रार करीन!" हा खालून म्हणाला, "करा की. तक्रारवही खाली आहे." दोन वर्षं घराबाहेर न पडलेले साहेब त्यासाठी खाली आले. तक्रार लिहिली, चहा घेतला, शेवट वाचला, आणि जाताना तक्रार खोडून गेले.

मी रोज उतरायला लागले, तेव्हा हळूहळू एक गोष्ट लक्षात आली. गुरुवारी पुस्तकं घेऊन वर येताना आता हाच त्या स्टुलांवर बसायचा. हात छातीवर, तोंड पांढरं.

"काय झालं हो?"

"स्टुलं तपासतोय."

"डॉक्टरकडे जा."

"जाऊ की. हातातलं पुस्तक संपू दे."

हातातलं पुस्तक म्हणजे बोटीच्या प्रवासाचं एक जाडजूड बाड. ठीक आहे म्हटलं. खाली लायब्ररीत तो चहा टाकायला वळला, तेवढ्यात मी पिशवीतली शिवणाची कात्री काढली. शेवटचा फर्मा माझ्या पदराखाली.

पुढच्या गुरुवारी दारात हजर. घामाने निथळत होता.

"वहिनी, फर्मा तुम्हीच काढलात ना?"

"शेवट वर आहे. आधी डॉक्टरचा कागद दाखवा."

इतका हसला की ठसका लागला. मग पुस्तकाचा कणा डोळ्यांजवळ नेऊन म्हणाला, "टाके मात्र स्वच्छ काढलेत हां. छापखान्यात ठेवून घेतलं असतं तुम्हाला."

दुसऱ्या दिवशी गेला डॉक्टरकडे. त्यांनी तिथूनच हॉस्पिटलात पाठवला. मी रिक्षा करून गेले, पानं पिशवीत.

"घ्या. डॉक्टर झाला, अट संपली."

त्याने पानं हातात घेतली, अंगठ्याने कडा सारख्या केल्या आणि मला परत दिली. "इथे नको. घरी येऊन तीन जिने चढतो. आयतं नको मला."

"हट्टी आहात मेले."

"कोण बोलतंय बघा!"

चौथ्या दिवशी तो गेला. मला रडू आलं नाही, राग आला. अजून आहे.

आता लायब्ररी एक रिटायर नर्स बघते. ती मला म्हणाली, "आजी, पानं द्या ना, पुस्तक अर्धवट राहिलंय. लोक शेवट विचारतात."

"मग पाठव वर."

आतापर्यंत चौघे चढून आले. माझ्या पलंगावर बसून सोळा पानं वाचतात, पाणी पितात आणि उतरतात. मी कुणाला विचारत नाही. मला त्या बोटीचं काय, मी पहिली दोनशे पानंसुद्धा वाचली नव्हती. एवढं जाड पुस्तक कोण वाचणार?

गेल्या गुरुवारी ते घरी आणलं. बोट ठेवून रोज दोन पानं होतात. बोट अजून बंदरातच आहे. शेवट कपाटात, साड्यांच्या खाली ठेवलाय. म्हणजे आता शेवटासाठी मला कुठे जायला नको. तरी चार वाजले की चपला घालते, दोर धरते आणि तीन जिने उतरून पंपघराच्या दारात जाऊन बसते.

दुसऱ्या मजल्यावरच्या स्टुलाचा एक पाय डुगडुगतो. तपासतोय म्हणाला होता, काही तपासलं नव्हतं.