चिबडातला भात

माझ्या पायाला भिंगरी आहे, असं आई म्हणायची ते उगाच नाही. नाशिकला प्राथमिक शाळेत शिक्षिका म्हणून लागले तेव्हा फळ्यापासून दारापर्यंत मी इतक्या फेऱ्या मारायचे, की पोरांच्या माना दुखत असतील. वाट पाहणं मला कधी जमलं नाही. आणि आमच्या नशिबी जमीन आली ती नेमकी माणसाला ताटकळत ठेवणारी.

ती सरकारनं दिलेली. आणीबाणीच्या आगेमागे मोठ्या जमीनदारांची जादा निघालेली जमीन भूमिहीनांना वाटली, तेव्हा निफाडकडच्या आमच्या गावात बौद्धवाड्यातल्या तीन घरांना एकेक तुकडा मिळाला. वडील आधीच गेले होते, म्हणून सातबाऱ्यावर आईचं नाव लागलं. उभा जन्म दुसऱ्याच्या बांधावर खुरपं चालवलेली बाई. तिनं तो कागद पत्र्याच्या पेटीत, चांगल्या लुगड्याच्या घडीत ठेवला.

पण जमीनदार स्वतःच्या हातानं जमीन सोडणार, ती कुठली सोडणार? आमचा तुकडा पाटाच्या खाली, गावातल्या सगळ्यात सखल जागी होता. अशा जमिनीला आमच्याकडे चिबड म्हणतात. पाटाचं पाणी झिरपत खाली येतं, काळी चिकण माती ते पिऊन घेते आणि मग सोडायचं नाव घेत नाही. वैशाखात तिला भेगा पडत, अख्खं खुरपं आत जाईल एवढ्या, आणि वर मिठासारखा पांढरा थर येई. पावसाळ्यात बैल गुडघाभर रुतत. फूटभर खणलं की खालची माती निळसर राखाडी, तांबूस ठिपक्यांची, आणि तिला कुजका वास. लव्हाळा मात्र न पेरता जोमानं यायचा.

शेतकऱ्याला पेरणीआधी वाफसा लागतो. माती धड ओली नाही, धड कोरडी नाही, मुठीत धरली तर गोळा व्हावा आणि दाबला तर फुटावा, अशी. सगळ्यांच्या वावरात पाऊस उघडला की चार दिवसांत वाफसा येई. आमच्यात यायचाच नाही. आई रोज सकाळी जाऊन मूठभर माती दाबून पाही आणि गोळा तसाच्या तसा खाली टाकून घरी येई. पहिल्या वर्षी बाजरी पेरली, ती वीतभर वाढून पिवळी पडली. दुसऱ्या वर्षी पेरणीच झाली नाही. असून अडचण, नसून खोळंबा, अशी ती जमीन.

तलाठी आला आणि पीकपाहणीत दोन्ही वर्षं ‘पड’ असं लिहून गेला. जाताना म्हणाला, ‘‘बाई, पुढल्या सालीबी पड दिसली तर जमीन परत जाईल. वर तसं लिहावं लागतं मला.’’

मी त्या वेळी कृषी खात्याचं एक पत्रक मिळवलं होतं. त्यात उपाय सोपा होता: चर खणा आणि पाणी खालच्या नाल्याला काढून द्या. मी शनिवारच्या एसटीनं गावी आले आणि त्याच संध्याकाळी दोरी लावून चराची रेघ आखली. पण आमचं वावर आणि नाला यांच्यामध्ये दुसऱ्याचं वावर होतं. मालक बांधावर आला आणि शांतपणे म्हणाला, ‘‘तुमचं पानी आमच्या वावरातून न्यायचं नाय.’’ पाण्यावरून आमच्या घरानं ऐकलेलं हे काही पहिलं वाक्य नव्हतं. मी भांडायला पुढे झाले, तर आईनं मला दंडाला धरून घरी आणलं. त्या रात्री मी जेवले नाही. राग त्या माणसाचा होता, तितकाच आईचाही.

खरं सांगायचं तर मला ती जमीन नको होती. नाशिकला माझी एक खोली होती, नळ होता, आईला आणून ठेवावं, दर शनिवारची ही धावपळ संपावी, एवढंच माझ्या डोक्यात असे. जमीन गेली की आई येईल, असा सरळ हिशेब मी मनात मांडून ठेवला होता. बोलून मात्र कधी दाखवला नाही.

आमच्या गावात तेव्हा द्राक्षबागा वाढत होत्या. छाटणीपासून पुढे बागांच्या कामाला पेठकडच्या डोंगरातली माणसं येत आणि पावसाळा तोंडावर आला की आपापल्या शेतीला परत जात. त्यांतली आईच्याच वयाची, कोकणी या आदिवासी जमातीतली एक बाई आमच्या घरामागे झोपडी करून राहायची. आईचं आणि तिचं चांगलं जमलं होतं. जेठात निघण्याच्या आदल्या दिवशी ती आमच्या वावरात उभी राहिली, पायाच्या अंगठ्यानं माती उकरली आणि म्हणाली, ‘‘तू पानी हाकलतीस कसाला? पानी आहा तं भात लाव ना.’’

आमच्या भागात भात कुणी करत नसे. बाजरी, गहू, ऊस, आणि आता द्राक्षं. आई तेव्हा हसली. आठ दिवसांनी मला निरोप आला: नाशिकहून भाताचं बी घेऊन ये.

आणि आम्ही काय केलं? बाजरी पेरतात तसा पाभरीनं भात पेरला. पाऊस लागायच्या आत धुळीतच. पिढ्यान्‌पिढ्या पाभर पाहिलेल्या माणसांना बी पेरायची दुसरी रीत असू शकते, हे सुचणार कसं? पंधरा दिवसांत पाण्याखाली सगळं बी कुजलं. आई बांधावर बसून राहिली. मी गेले तेव्हा म्हणाली, ‘‘डोंगरात जा. तिला इचार.’’

शनिवारी दुपारी शाळा सुटल्यावर मी पेठच्या गाडीत बसले. उतरल्यावर पावसात दोन तास चालत गेले. त्या बाईला मी पाभरीची हकिगत सांगितली, तर ती हसून हसून खाली बसली. ‘‘पाभरीनं? भात?’’ तिनं घरातल्या सगळ्यांना हाक मारून ते पुन्हा सांगायला लावलं. मला लाज वाटली आणि हसूही आलं.

सकाळी तिनं मला खाचरात उतरवलं. त्यांची लावणी संपत आली होती आणि एका वाफ्यात रोपं उरली होती. आधी रोप वाढवायचं, मग चिखल करून त्यात ते खोचायचं, हे मी तिथे शिकले. मी घाईनं पाय उचलत होते आणि दर वेळी जास्तच रुतत होते. ती म्हणाली, ‘‘नाच नको. उभी राहा, मंग पाय निघल.’’ आयुष्यात मला इतका कठीण धडा कुणी दिला नव्हता. दुपारपर्यंत उरलेल्या रोपांच्या जुड्या बांधून तिनं दोन पोत्यांत भरल्या. ‘‘उद्या लावल्याच पायजे. मरतील नाय तं.’’

तिच्या घरातल्या दोघांनी पोती गाडीपर्यंत पोचवली. नाशिकच्या स्टँडवर पोहोचले तर आमच्या गावाकडची गाडी रद्द झाली होती. पुढची कधी, ते कुणी सांगेना. मी चौकशीच्या खिडकीशी चार वेळा गेले आणि पोत्यांभोवती फिरत राहिले. शेवटी दमून एका पोत्यावर बसले आणि तेव्हा तो विचार आला. माझी खोली तिथून दहा मिनिटांवर होती. घरी जावं, झोपावं. उद्या आईला सांगता येईल, गाडीच नव्हती. ते खोटंही ठरलं नसतं. दोन दिवसांत रोपं पिवळी पडतील, भादव्यात तलाठी ‘पड’ लिहील आणि दिवाळीला आई माझ्या खोलीत असेल.

मी उठले. पोती तिथेच ठेवून स्टँडच्या फाटकापर्यंत गेलेसुद्धा. मग परत आले, नळावरून डबा भरून आणला आणि पोत्यांवर पाणी ओतलं. का परतले, ते आजही मला नीट सांगता येत नाही. गाडी दिवस मावळता आली.

सोमवारी मी शाळा बुडवली. वाड्यातल्या सहा बाया आल्या. बैलांनी चिखल केला, मी आदल्याच दिवशी शिकलेली विद्या मोठ्या थाटात शिकवली, आणि पाठ मोडेपर्यंत आम्ही रोपं खोचली. पहिला आठवडा ती मरगळून पडली होती. मी शाळेत असून नसल्यासारखी होते, मुलांना एकच कविता तीनदा शिकवली. पुढच्या शनिवारी पाहिलं, तर ती सरळ उभी होती.

भादव्याच्या अखेरीस तलाठी आला तेव्हा मी योगायोगानं गावात होते. लोंब्या नुकत्याच भरू लागल्या होत्या. त्यानं लांबूनच वही उघडली आणि म्हणाला, ‘‘लव्हाळाच दिसतोय, बाई.’’

‘‘जोडे काढा आन्‌ उतरा खाली,’’ आई म्हणाली.

सरकारी माणसाशी ती अशी बोललेली मी कधी ऐकली नव्हती. तो उतरला. एक लोंबी हातात घेऊन त्यानं दाणा दाबून पाहिला, त्यातून दूध निघालं. मग त्यानं वहीत लिहिलं. मी मान लांब करून वाचलं आणि आईला सांगितलं, ‘‘भात लिहिलंय.’’

तो गेल्यावर आई बांधावर पाय धूत बसली. माझ्याकडे न पाहता म्हणाली, ‘‘पड ऱ्हायली असती तर बरं झालं असतं तुला.’’

मी तिच्या शेजारी बसले.

‘‘तुला कधीपासून ठाऊक?’’

‘‘पयल्यापासून.’’

‘‘मग रोपं आणायला मला कशाला पाठवलंस?’’

आईनं दुसरा पाय पाण्यात घातला.

‘‘दुसरं कोन व्हतं मला पाठवायला?’’