वेगळ्या पाण्याचा ड्रम

मोतीबिंदू काढायच्या आधी रक्त तपासतात. माझं तपासलं, त्यात काविळीचा विषाणू निघाला, 'बी' म्हणतात तो. मला काही होत नव्हतं. भूक लागत होती, झोप लागत होती, गुडघे दुखत होते ते आधीपासूनच. पण कागदावर आलं म्हणजे आलं.

डॉक्टरीणबाई तमिळ होत्या. लहानपणी सुया टोचल्या होत्या का, असं त्यांनी विचारलं. आमच्या गावच्या शाळेत टोचणारा माणूस यायचा. सगळ्या वर्गाला रांगेत उभं करायचा आणि एकच सुई बोळ्याने पुसून पुढच्याच्या दंडात खुपसायचा. बाई म्हणाल्या, तेव्हाच झालं असेल, आता नक्की सांगता येणार नाही. मी चौथीपर्यंत शिकले. शाळेतलं बाकी सगळं गेलं, एवढंच अंगात राहिलं म्हणायचं.

मुलाचंही रक्त तपासलं. ते चांगलं निघालं. मग त्याला त्याच्या मुलीची काळजी लागली. नात सात वर्षांची आहे आणि दूध सुटल्यापासून माझ्या अंथरुणात झोपते. आम्ही चेन्नईत वेलचेरीला राहतो, तिथे डासांना तोटा नाही. इमारत कितीही उंच बांधा, खाली पाणी साचतंच. मुलगा म्हणाला, "आई, डास तुला चावला आणि उडून तिला चावला तर? रक्त ते रक्तच."

त्याच्यासमोरच मी हे डॉक्टरीणबाईंना विचारलं. नवऱ्याच्या नोकरीपायी मी चेन्नईत आले, तो गेला तरी इथेच राहिले, तेव्हा कामापुरतं तमिळ मला येतं. बाई म्हणाल्या, "पाटी, कोसु कडिच्चा वरादु." आजी, डास चावून हे येत नाही. त्यांनी समजावूनही सांगितलं. डास एका नळीने रक्त ओढतो आणि दुसरीने थुंकी सोडतो, आधीच्या माणसाचं रक्त पुढच्याच्या अंगात ओतत नाही. हा विषाणू त्याच्या पोटात वाढत नाही, थुंकीत उतरत नाही. डेंग्यूचं वेगळं, तो डासाच्या अंगात वाढतो. तुमची सुई, ब्लेड, दात घासायचा ब्रश दुसऱ्याला देऊ नका, बाकी पोरीला खुशाल जवळ घ्या. पोरीला जन्मल्यावर याची लस दिली होती का? दिली होती. मग झालं, म्हणाल्या.

मुलगा ओरगडमला मोटारींच्या कारखान्यात इंजिनीअर आहे. त्याने मान डोलावली आणि घरी येऊन मोबाइलवरून मच्छरदाणी मागवली. तंबूसारखी, चेन लावायची. ती माझ्या खाटेवर उभी राहिली. लोक मच्छरदाणी लावतात ती डासांनी आपल्याला चावू नये म्हणून. माझी लावली ती माझं रक्त डासांना मिळू नये म्हणून.

एकदा वेगळं काढायचं म्हटल्यावर थांबतंय कोण. ताट वेगळं झालं, टॉवेल वेगळा झाला. नातीची गादी आईबापांच्या खोलीत गेली. मी आणि नात एकच न्हाणीघर वापरत होतो. सूनबाई म्हणाली, "आई, तुम्ही मागच्या बाल्कनीत अंघोळ कराल का? तिथे मोरी आहेच." तिथल्या नळाला सकाळीच पाणी येतं, म्हणून निळा ड्रम आणला. झाकण त्यावर नीट बसत नव्हतं. धुणंभांडी करणाऱ्या बाईला बजावलं की पाटींच्या वस्तूंना हात लावायचा नाही.

माझी सासू अक्षरशत्रू होती. दर महिन्याला मला चार दिवस बाजूला बसवायची, तांब्या वेगळा, घोंगडी वेगळी. पण पाचव्या दिवशी न्हाऊन मी घरात यायची. इथे सगळे कॉलेज शिकलेले, आणि पाचवा दिवस कुठे दिसत नव्हता.

डोळ्याचं ऑपरेशन झालं. वाकायचं नाही, डोळ्यात पाणी जाऊ द्यायचं नाही, असं सांगितलं होतं. मी ओल्या फडक्याने अंग पुसायची. ड्रम भरलेला तसाच उभा राहिला. मी उचलू शकत नव्हते आणि बाकीचे शिवत नव्हते.

मग नातीला ताप आला. अंग भाजत होतं, डोळे दुखतात म्हणून रडत होती. रक्त तपासलं तर डेंग्यू. दवाखान्यात ठेवावं लागलं. सूनबाईने तिथल्या डॉक्टरला पहिला प्रश्न विचारला तो माझ्याबद्दलचा. घरी सासूला कावीळ-बी आहे, डासामुळे त्यातून काही झालं असेल का? डॉक्टर म्हणाला, त्याचा याच्याशी काही संबंध नाही, घरात पाणी कुठे साचलंय ते बघा, या डासाला स्वच्छ, साठवलेलं पाणी लागतं. सून दवाखान्यातून फोनवर मुलाला हे सांगत होती, फोनचा आवाज मोठा होता आणि मी घरी त्याच्या शेजारीच बसले होते. मी उठून मागच्या बाल्कनीत गेले आणि ड्रमचं झाकण काढलं.

नव्या डोळ्याने मला चांगलं दिसत होतं. पाण्यात बारीक अळ्या वळवळत होत्या, खालून वर, वरून खाली. मी मुलाला हाक मारली. त्याने पाहिलं. दोन्ही हातांनी ड्रम आडवा केला, पाणी मोरीत गेलं. माझ्या पाण्याला त्याने हात लावला तो तेवढाच.

पोर जरा सावरली तशी घरी सोडली, पण ताप अजून पुरता उतरला नव्हता. डॉक्टरने सांगितलं होतं, हिला दिवसाही मच्छरदाणीत ठेवा, आता हिला चावलेला डास दुसऱ्याला डेंग्यू देईल. घरात मच्छरदाणी एकच होती. मुलाने ती माझ्या खाटेवरून उचलून तिच्या गादीवर लावली. तिच्याजवळ बसणार कोण? त्याची रजा संपली होती, सुनेची मीटिंग होती.

"आई, तू बस ना आत."

"आणि माझं रक्त?"

"त्याने काही होत नाही, आई. डॉक्टरच म्हणाल्या होत्या ना."

मी आत बसले. चेन लावली. पोर माझ्या मांडीवर डोकं ठेवून पडली, मी तिला चमच्याने पाणी पाजत राहिले. आत एक डास शिरला होता. तो मला चावला की तिला, मी पाहिलं नाही. तळहाताने मारला. रक्त निघालं. पदराला पुसलं.

ताप उतरला, ती शाळेत जायला लागली. दुसऱ्या दिवशी मी देवाला हात जोडून वळले तर मच्छरदाणी धुऊन, वाळवून पुन्हा माझ्या खाटेवर उभी. कुणी लावली ते विचारलं नाही. काढली, घडी केली आणि मुलाच्या हातात दिली. म्हटलं, "माळ्यावर टाक. मला डास चावू दे."

त्याने टाकली. वाद घातला नाही. मला वाटलं, गादी आता इकडे येईल. संध्याकाळी नातीने आपली उशी काखेत मारली आणि माझ्या दारापर्यंत आली. सुनेने आतून हाक मारली, आवाज गोड होता. पोर वळली.

आता मच्छरदाणी माळ्यावर आहे आणि नातीची गादी त्यांच्या खोलीत. मधलं दार ते लावून घेतात. त्याच्या खालच्या फटीतून डास दोन्हीकडे जातात.