दादाशिवाय चाललेले सात दिवस

बिकानेरहून जैसलमेरला चालत जायचं, हे वेड दादाचं. ऐन तारुण्यात तो त्या बाजूला सरहद्दीवर होता. फौजेतून सुभेदार म्हणून निवृत्त झाल्यावर सातारला परत न जाता त्याने लखनौच्या सरोजिनी नगरला घर बांधलं, कारण शेवटची पोस्टिंग तिथली होती आणि मुलाचं शिक्षण इथंच चाललं होतं. माझा नवरा गेला तेव्हा मी बँकेत अर्ज करून लखनौला बदली मागून घेतली, ती दादा इथं आहे म्हणून. मी शहराच्या एका टोकाला चिनहटला, तो दुसऱ्या टोकाला. तरी रविवार चुकला नाही कधी.

साठी ओलांडल्यावर त्याच्या उजव्या हाताला कंप सुटला. डॉक्टरांनी कंपवात सांगितला. गोळ्या सुरू झाल्या, दर चार तासांनी एक, घड्याळ लावून. दोन वर्षं बरी गेली. मग एका रविवारी जेवताना त्याने वहिनींच्या देखत मला विचारलं, "येतेस का चालायला? पाय ऐकतायत तोवर जाऊन येऊ."

वहिनींचे गुडघे गेलेले. भाच्याची कंपनीतली नोकरी, त्याला रजा मिळेना. राहिले मी. वहिनींचा विरोध होता, पण डॉक्टर म्हणाले, चालणं चांगलंच आहे, गोळी तेवढी चुकवू नका. मी पहाटे चिनहटच्या बाजूला कालव्याच्या कडेनं चालायला लागले. दादा तिकडे आपल्या कॉलनीत फेऱ्या मारायचा. संध्याकाळी फोनवर दोघं एकमेकांना किलोमीटरचे आकडे सांगायचो. खोटं सांगत नाही, नवरा गेल्यानंतर इतका उत्साह मला कशाचाच वाटला नव्हता.

जानेवारीत निघालो. अठरा दिवसांचा हिशोब होता. मुक्कामाच्या जागा दादाने आधीच फोन करून ठरवल्या होत्या: कुठे धर्मशाळा, कुठे त्याच्या जुन्या पलटणीतल्या माणसाचं घर. गोळ्या बावीस दिवसांच्या घेतल्या होत्या. चार दिवस जास्तीचे, अडीअडचणीला.

पहिले दहा दिवस चालण्यात गेले आणि त्याबद्दल फार सांगण्यासारखं नाही. वाळूतून चालताना बोलायला दम उरत नाही. मोज्यांत काटेरी गवताचं बी अडकायचं, ते संध्याकाळी बसून काढायचं. दादा पुढे, मी मागे. तो एका लयीत चालायचा, जवानासारखा, आणि वाळूत चालताना त्याचा हात थरथरत नाही असं मला वाटायचं. वाटायचं म्हणजे मी तसं धरून चालले होते.

अकराव्या दिवशी, फलोदी मागे टाकल्यावर, दुपारी आभाळ भरून आलं. तिकडे हिवाळ्यात पडणाऱ्या पावसाला मावठ म्हणतात. पिकाला तो चांगला असतो, माणसाला नाही. आम्ही भिजत एका ढाणीवर पोचलो. ढाणी म्हणजे शेतात चार-पाच घरं, बस. तिथल्या एका म्हाताऱ्याने आम्हाला ओसरीलगतची गवताने शाकारलेली खोली दिली. त्याच्या सुनेने शेगडी पेटवून आणली, बाजरीची भाकरी आणि कढी दिली. दोन दिवस पाऊस थांबला नाही. तिसऱ्या दिवशी थांबला तर बोचरा वारा सुटला. पुढची वाट एका सपाट चिकणमातीच्या मैदानातून होती आणि तिथे गुडघाभर राड झाली होती. म्हातारा म्हणाला, उंटसुद्धा घसरून पडेल, पाय मोडेल, अजून दोन दिवस तरी थांबा.

 दादा घोंगडी पांघरून भिंतीला टेकून बसायचा. मला वाटलं, थंडी आहे, कंटाळलाय. चौथ्या दिवशी सकाळी चहा घेऊन गेले तर त्याला उठता येईना. डोळे उघडे, सगळं समजतंय, पण अंग लाकडासारखं. मान वळेना. मी पेला त्याच्या ओठाला लावला तर चहा हनुवटीवरून ओघळला. मी गोळीची डबी शोधली आणि तेव्हा मला कळलं. डबीत अर्ध्या केलेल्या गोळ्या होत्या. पाऊस सुरू झाल्यापासून तो अर्धीच गोळी घेत होता, पुरवून पुरवून, म्हणजे उशीर झाला तरी जैसलमेरपर्यंत पुराव्यात.

मी त्याला विचारलं, कधीपासून? तो बोलू शकला नाही. त्याच्या डोळ्यांतून पाणी आलं आणि ते पुसायला त्याचा हात उठेना. मी पुसलं.

पूर्ण गोळी दिल्यावर दोन तासांनी थोडा सैल झाला. म्हाताऱ्याने शेजारच्या ढाणीवरून जीप मागवली. ओल्या वाळूतून अडकत, धक्का देत आम्ही फलोदीला दवाखान्यात पोचलो. सलाईन लागलं. त्याच्या गोळ्या तीन दुकानं फिरून मिळाल्या. मी लखनौला फोन केला. वहिनी एवढंच म्हणाल्या, "मी म्हटलं नव्हतं?" आणि फोन भाच्याकडे दिला.

भाचा दुसऱ्या दिवशी दुपारी आला. तीस वर्षांचा आहे. मराठी सगळं समजतं, बोलतो हिंदीत. बापाजवळ बसला, डॉक्टरांशी बोलला, जोधपूरहून लखनौच्या गाडीचं बघितलं. डॉक्टरांचं म्हणणं होतं, धोका टळलाय, घरी न्या, विश्रांती द्या, थंडीपासून जपा.

आता जे सांगते ते मी गेलं वर्षभर मनात पुन्हा पुन्हा मांडून बघितलंय. भाचा तिकिटाच्या कामाला खाली गेला होता. ऊन पडलं होतं, पाच दिवसांनी पहिल्यांदा. मी खिडकीपाशी उभी होते. मी दादाला म्हटलं की वाट आता सुकली असेल. म्हटलं, सातच दिवस उरले होते. मी हे का बोलले? त्याला बरं वाटावं म्हणून नव्हे. माझं मन तिकडे धावत होतं म्हणून. दादाने माझ्याकडे बघितलं. कंपवातात चेहरा हलत नाही, त्यामुळे रागावलाय की हसतोय ते कळत नाही.

तो म्हणाला, "जा."

एवढंच. मी विचारलं नाही की कुठे जा. भाचा वर आला तेव्हा मी त्याला सांगितलं की दादा मला पुढे जायला सांगतोय. भाच्याने बापाकडे पाहिलं. दादाने डोळे मिटून घेतले होते. भाचा म्हणाला, "आत्या, आप देख लीजिए। मैं पापा को ले जाऊँगा।"

मी त्यांना जीपमध्ये बसवून दिलं, दादाचे पाय घोंगडीत गुंडाळले, आणि दुसऱ्या जीपने ढाणीवर परत गेले. म्हाताऱ्याने भाऊ कसा आहे विचारलं. मी म्हटलं, बरा आहे, घरी गेला. त्याची सून मात्र माझ्याकडे नीट बघेना. सकाळी तिने भाकरी बांधून दिली आणि निघताना, तिच्या बोलीत, विचारलं की तुम्हाला घरी कोणी नाही का?

पुढचे सात दिवस मी एकटी चालले. वाट सुकली होती, पण वर पापडी आणि खाली चिखल. पहिल्या दिवशी तीनदा पडले. एकटी बाई बघून मुक्कामाच्या ठिकाणी लोक प्रश्न विचारायचे, मग मी भाऊ मागून येतोय असं सांगायचे. ते खोटं दर संध्याकाळी सांगायचे. फोनला रेंज नसायची, आणि जिथे असायची तिथे मी दादाच्या घरी 'मी ठीक आहे' असा मेसेज करून फोन बंद करायचे, बॅटरी वाचवायला म्हणून. समोरून काय उत्तर येईल ते मला बघायचं नव्हतं. पाय सुजले, डाव्या अंगठ्याचं नख काळं पडून निघालं. तरी मी थांबले नाही. तो दुखरा अंगठा मला एक प्रकारे बरा वाटत होता, हेही कबूल करते.

सातव्या दिवशी दुपारी जैसलमेरचा किल्ला दिसला. पिवळट, लांबवर. मला वाटलं होतं रडू येईल. आलं नाही. गावात शिरले, एका हॉटेलच्या पायरीवर बसले, बूट काढले. टूरवाले बाजूने जात होते. मी घरी फोन लावला आणि पोचले म्हणून सांगितलं.

वहिनी म्हणाल्या, "पोचलीस? बरं." मग सांगितलं की दादा आणि भाचा लखनौला उतरले त्या सकाळी धुकं होतं, गाडी सात तास लेट झाली होती, आणि तिसऱ्या दिवशी दादाला न्यूमोनिया झाला. अजून आयसीयूत होता. मला कळवलं का नाही, असं मी विचारलं. त्या म्हणाल्या, "फोन तुझाच बंद होता ना."

मी लखनौला आले ती स्टेशनवरून थेट हॉस्पिटलमध्ये. दादाच्या तोंडावर मास्क, छाती भात्यासारखी. मी त्याचा हात धरून बसले. त्याने मला ओळखलं, पण काही विचारलं नाही.

रजा संपली होती. दुसऱ्या दिवशी हजरतगंजच्या शाखेत गेले तर सगळ्यांना माहीत झालेलं. मॅनेजर साहेबांनी केक मागवला होता, गुलदस्ता दिला. मी नको म्हणायला हवं होतं, पण टाळ्या वाजवणाऱ्या माणसांसमोर भाऊ आयसीयूत आहे हे मला सांगता आलं नाही. फोटो काढला. फोटोत मी हसतेय. कुणीतरी तो ग्रुपवर टाकला, कुणीतरी पुढे पाठवला, आणि संध्याकाळी मी हॉस्पिटलच्या व्हरांड्यात पोचले तेव्हा तो भाच्याच्या फोनवर होता. त्याने तो मला दाखवला. बोलला काही नाही. मला वाटतं, बोलला असता तर बरं झालं असतं.

दादा वाचला. तीन आठवड्यांनी घरी आला, पण त्या आजारपणात त्याचं चालणं गेलं. आता धरून उभा राहतो, चार पावलं टाकतो आणि दारात आला की पाय जमिनीला चिकटतात. डॉक्टर म्हणतात हे कधीतरी होणारच होतं, वर्षा-दोन वर्षांनी. वहिनी म्हणतात, "ती वर्षं माझी होती."

उन्हाळ्यात एका रविवारी भाच्याने मला स्वयंपाकघरात गाठलं. वहिनी आत दादाचं अंग पुसून काढत होत्या. त्याने विचारलं, "आत्या, पापा ने सच में कहा था आपको जाने के लिए?"

मी त्याला म्हटलं, "जा म्हणाला होता. पुढे जा म्हणाला, का माझ्यासमोरून जा, ते मी विचारलं नाही. मला जायचं होतं."

त्याने नळ सुरू केला, हात धुतले, बराच वेळ धुतले. मग "ठीक है" म्हणाला आणि औषधं आणायला बाहेर पडला. त्या दिवसानंतर तो माझ्याशी नीट बोलतो, आधीपेक्षा नीट. ते क्षमा केल्यामुळे की आशा सोडल्यामुळे, मला माहीत नाही.

दादाला मी एकदाच विचारायचा प्रयत्न केला. त्याचं बोलणं आता पुसट झालंय, कान जवळ न्यावा लागतो. मी सुरुवात केली, "दादा, त्या दिवशी फलोदीला..." तो म्हणाला, "नको." मी थांबले. थोड्या वेळाने तो म्हणाला, "पंखा वाढव." मी वाढवला.

मध्यंतरी पुण्याला बदलीची संधी आली, मी नाकारली. ते वहिनींना सांगितलं तेव्हा त्या भाजी निवडत होत्या. वर न बघता म्हणाल्या, "मी तुला माफ केलंय असं समजू नकोस. पण तू रविवारी आलीस की मला तीन तास झोप मिळते. तेवढं करत जा."

म्हणून मी रविवारी जाते. वहिनी आतल्या खोलीत दार लावून झोपतात. मी दादाला कुशीवर वळवते, खांद्याला तेल लावते, पातळ केलेली खिचडी चमच्याने भरवते. एका वाटीला पाऊण तास लागतो. घास अडकला की थांबायचं, पाठीवरून हात फिरवायचा, मग पुढचा चमचा.