फ्लर्ट शब्दाचा पहिला अर्थ

नव्वदच्या दशकात आम्ही खानदेशातून येऊन सुरतेत, नवागामला राहत होतो. आबा पॉवरलूमवर जायचे. आई आणि ताई घरी साड्यांना टिकल्या चिकटवायच्या. ताईचं लग्न गोडादऱ्यातल्या एका मुलाशी जवळजवळ ठरलं होतं. तेवढ्यात मुलाच्या मोठ्या भावाचा निरोप आला. मुलगी फ्लर्ट आहे, माल घेणाऱ्या मुनीमाशी हसत असते, पुन्हा विचार करावा लागेल.

आबांनी मला विचारलं, "तू कॉलेजात जातेस ना. हाई शिवी शे का?"

चालू अर्थ मला माहीत होता, पण आबांसमोर सांगवेना. दुसऱ्या दिवशी कॉलेजच्या ग्रंथालयात जाड शब्दकोश काढला. जुना अर्थ होता झटकन फेकणे, हिसका देणे. हातातला पंखा झटकन उघडणेसुद्धा. माणसाचा स्वभाव त्या शब्दात नंतर शिरला. हाताची एक हालचाल बघता बघता कुणाच्या तरी चारित्र्यावर जाऊन बसली, याचा मी वाटभर विचार करत होते. घरी दोन्ही अर्थ सांगितले.

"पहिला माझाच," ताई टिकल्यांवरून मान न उचलता म्हणाली. "त्यांना म्हणावं, शुक्रवारी या आणि बघा."

दर शुक्रवारी ती तयार साड्या मुनीमाच्या दुकानात पोचवायची, आणि माल दाखवायची तिची एक रीत होती. साडीचं टोक धरून असा झटका द्यायची की अख्खी साडी हवेत उलगडायची. टिकली कच्ची असेल तर तिथेच गळणार. एकही गळली नाही की ताई हसायची आणि मुनीम बाकीचा गठ्ठा न तपासता आत घ्यायचा.

शुक्रवारी मुलगा आला, दुकानाच्या दारात उभा राहिला. ताईने नजर खाली ठेवून साडी हळूहळू, घडी घडी उलगडली. मुनीमाने चष्मा लावला.

"केम बेन, आजे माल खराब छे?" म्हणत तो एकेक टिकली नखाने उचकून बघायला लागला.

ताईने दुसरी साडी उचलली, एकदा दाराकडे पाहिलं आणि झटकली. पदर मुलाच्या नाकाला चाटून गेला. फरशीवर काही पडलं नाही. ताई हसली. मुनीमाने चष्मा काढला आणि पुढच्या कामाचा नवा गठ्ठा सरकवला.

परतताना मुलगा आमच्याबरोबर चालत निघाला. मग म्हणाला, "भाऊला मी सांगतो."

"नुसतं साडीचं सांगाल, की हसण्याचंही?" ताईने विचारलं.

तो म्हणाला, "हसण्याचंही."

"मग हा गठ्ठा धरा," ताई म्हणाली.