दारांच्या तक्त्यातले रंग

पक्षाघाताच्या झटक्यानंतर बायकोच्या उजव्या हातातली ताकद सावकाश परत येत होती. आमची ओळख अंधेरीतल्या एका आर्किटेक्टच्या ऑफिसातली. मी कॉम्प्युटरवर ड्रॉइंग काढायचो, ती दारं-खिडक्यांचे तक्ते करायची: कुठल्या मजल्यावर कुठलं दार, त्याचं माप, त्याची कडी. आजारानंतर ती घाटकोपरच्या घरातच बसून असायची. व्यायामाला दिलेला रबरी चेंडू सोफ्याखाली ढकलून द्यायची आणि सापडत नाही म्हणायची.

एकदा मीच विचारलं, "चेंबूरच्या बिल्डिंगचा दारांचा तक्ता करतेस का?"

"दया म्हणून देतोयस?"

"नाही गं. ऑफिसात खरंच कुणाला वेळ नाही. साहेबांना विचारलंय मी."

दुसऱ्या दिवशी मी घरी आलो तर जेवणाच्या टेबलावर लॅपटॉप उघडा होता.

उजव्या हाताच्या एका बोटाने ती एकेक अक्षर टाइप करायची. जिन्याची, आग अडवणारी दारं फिकट लाल, बाथरूमची निळी, बाकीची पांढरी. मथळे ठळक. एक्सेलमधल्या चौकटींच्या रेघासुद्धा तिने नीट आखल्या होत्या. तक्ता पुरा झाला तेव्हा तिने स्क्रीन माझ्याकडे वळवली आणि माझ्या तोंडाकडे बघत राहिली.

"झकास," मी म्हणालो.

ऑफिसात मी तो तक्ता ड्रॉइंगला लिंक केला. लिंक केली की एक्सेलमधला आकडा बदलल्यावर ड्रॉइंगमधलाही बदलतो. पण तक्ता उतरला तो कोरा पांढरा. रंग नाहीत, ठळक मथळे नाहीत, सगळी अक्षरं एका मापाची. तिला हे सांगायला माझी जीभ उचलेना. जेवणाच्या सुट्टीत बसून मी ड्रॉइंगमधल्या एकेका चौकटीत हाताने रंग भरले आणि प्रिंट घरी नेली. तिने ती कौतुकाने फ्रिजवर लावली.

पुढे गच्चीचं एक दार वाढलं. तिने तक्त्याच्या मध्ये नवी ओळ घातली, मी लिंक अपडेट केली आणि प्रिंट आणली. ती बघतच राहिली.

"बाथरूमचं दार लाल कसं? आणि जिन्याचं पांढरं?"

मी वाकून पाहिलं. नव्या ओळीमुळे दारं खाली सरकली होती, मी भरलेले रंग मात्र जागच्या जागी राहिले होते.

"हे रंग माझे नाहीत," ती म्हणाली. "तू भरलेस?"

मी मान डोलावली.

"अरे, ही प्रिंट साइटवर गेली असती तर वाट लागली असती ना! हात गेलाय माझा, डोकं नाही. रंग टिकत नाहीत हे मला सांगायचंस."

"तुला वाईट वाटेल म्हणून..."

"वाटू दे की." मग आवाज उतरवून तिने विचारलं, "एकेक चौकट रंगवलीस?"

"हो."

"वेडा आहेस." तिने डावा हात माझ्या मनगटावर ठेवला आणि बराच वेळ काढला नाही.

रविवारी सकाळी ड्रॉइंगची फाइल उघडून आम्ही शेजारी-शेजारी बसलो. लिंकच्या सेटिंगमध्ये फॉरमॅटिंगचा एक कोपरा होता, मी तो कधी उघडलाच नव्हता. एक्सेलचं फॉरमॅटिंग वापरायचं का, ही खुणेची चौकट तिथे रिकामी होती. खूण केल्यावर खाली दोन पर्याय जागे झाले: सुरुवातीला एक्सेलचं रूप घ्यायचं आणि मग बदलायचं नाही, किंवा कायम एक्सेलप्रमाणे ठेवायचं.

"पहिलं घेतलंस तर मी उद्या बदललेला रंग येणारच नाही," ती म्हणाली. "दुसरं घे."

मी घेतलं. माझे रंग पुसले गेले आणि तिचे जसेच्या तसे उतरले, ठळक मथळ्यांसकट. तिची खात्री पटेना. तिने उजव्या हाताने, ओठ दाबून, गच्चीच्या दाराची ओळ हिरवी केली आणि फाइल सेव्ह केली. मी अपडेट केलं. ड्रॉइंगमधली ओळ हिरवी झाली.

"आली रे!" ती एवढ्या जोरात ओरडली की शेजारच्या काकूंनी दार वाजवून सगळं ठीक आहे ना विचारलं.

आता ती पुन्हा ऑफिसात येते, अर्धाच दिवस. दुपारपर्यंत हात थकतो, मग ती खुर्ची मागे सरकवून डोळे मिटते. चहा आला तरी मी तिला हाक मारत नाही. कप तिच्या टेबलावर ठेवतो, वर बशी झाकतो, आणि माझ्या कामाला लागतो.