तरतरीत कोण

मंजू, दहा वर्षांपूर्वी नागपूरच्या विमानतळावर माझ्या दोन बॅगा ट्रॉलीवर चढल्या, तेव्हा आई आधी रडली आणि मग सोबत आलेल्या शेजारच्या काकूंना तुझंच सांगत बसली. "थोरली समजदार आहे, तिची काही फिकर नाही. मंजू तरतरीत आहे, तिच्यानं घरात जीव राहते." मी डब्लिनला निघाले होते आणि निरोपाच्या वेळीही कौतुक धाकटीचं. विमानात बसेपर्यंत मी धुसफुसत होते.

तो शब्द लहानपणापासून तुझाच. तुझं नाक तरतरीत, माझं बसकं. परीक्षेच्या सकाळी तू तरतरीत उठायचीस, मी पेंगत. आई तो बाजारातल्या कोथिंबिरीलाही लावायची, खिडकीतल्या जास्वंदीलाही, आणि चारच्या चहाने पुन्हा माणसात आलेल्या बाबांनाही. मला मात्र कधी नाही. मी समजदार. समजदार नाक असतं का कुणाचं, सांग.

इथे ऑफिसात सगळे एनर्जेटिक असतात. माझ्या अप्रेझलमध्येही तो शब्द दोनदा आला. पण तो कामापुरता. नुसतं दारात उभं राहिलं म्हणून कुणी कुणाला एनर्जेटिक म्हणत नाही.

रविवारच्या व्हिडिओ कॉलवर तू आईच्या खुर्चीला टेकून बसायचीस, डोळ्यांत काजळ, चेहरा हसरा. मी जळायचे. खोटं कशाला बोलू? गेल्या महिन्यात तुला लिहूनच टाकलं, की तुझं बरं आहे, आईजवळ राहून कायम तरतरीत.

तुझा व्हॉइस मेसेज मी ट्राममध्ये ऐकला. "ताई, आई मले आठवडाभर काय म्हणते, मालूम आहे का? थोरली पहा, एवढ्या दूर एकटी, तरी कशी तरतरीत दिसते. तू काहून अशी मलूल वं? म्हणून तुह्या फोनच्या आधी मी तोंड धुऊन काजळ लावते."

माझा स्टॉप मागे राहिला. मीही कॉलच्या आधी लिपस्टिक लावते, टेबललॅम्प तोंडाकडे वळवते. इतकी वर्षं ज्या शब्दासाठी झुरले तो मला मिळालाही होता, आणि तो ऐकायला होतीस तू.

मागच्या रविवारी ठरवून दोघी तशाच बसलो. तू केस न विंचरता, मी लॅम्प न लावता. आईने दोघींना नीट न्याहाळलं. "काहून वं, दोघी अशा सुकल्या?" म्हणाली आणि गुडघ्यावर हात टेकत उठली. माझ्यासमोर स्क्रीनवर तिची रिकामी खुर्ची, आतून चहासाठी आलं ठेचल्याचा आवाज. थोड्या वेळाने एक कप आला, तो तुझ्या हातात गेला. मला आई म्हणाली, "तूही घे वं बाई, चहा करून."

मी उठले नाही. तू दोन घोट घेतलेस आणि माझ्यादेखत तरतरीत झालीस, काजळाशिवाय. घर म्हटलं की आता मला तो कप दिसतो. तो तुझ्या हातात आहे, मंजू, आणि मला अजून तुझा हेवा वाटतो.